विहिरीवरची वीट आणि माझं पहिलं ॲप

आठवणी लिहायला माझं अजून वय झालेलं नाही, असं आईचं म्हणणं आहे. तिला आमच्या धंद्याची कल्पना नाही. संगणकाच्या कंपनीत पस्तिशी उलटली की माणूस वानप्रस्थात जमा होतो. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की नवी पोरं इतक्या आदरानं ऐकतात, की आपण आपल्याच तेराव्याला येऊन बसलोय असं वाटतं. चष्मा लागला, कंबर गेली, मनगटाला पट्टा आला. शिवाय आता यंत्राला नुसतं सांगितलं की ते ॲप करून देतं, तेही चहा निवायच्या आत. एक साधं ॲप बनवायला अख्खा पावसाळा कसा जायचा हे सांगणारी आमची शेवटची पिढी, म्हणून लिहून ठेवते. कोणी वाचलं नाही तरी चालेल. माझ्या कोडखालच्या टीपासुद्धा आजवर कोणी वाचलेल्या नाहीत.

आमची वस्ती राहुरीच्या अलीकडं, कालव्याच्या खालच्या अंगाला. वस्ती म्हणजे दोन घरं. खरं तर एकच घर, मधे भिंत घालून त्याची दोन केलेली. अलीकडं अण्णा म्हणजे माझे वडील, आई आणि मी. पलीकडं अण्णांचे थोरले भाऊ तात्या आणि काकू. पुढच्या अंगणात ही भिंत पुरुषभर उंच होती, कारण तिथं पुरुष बसत. मागच्या बाजूला, चुलीपाशी, ती कंबरेएवढीच होती. तिथं विटा संपल्या, असं अण्णा सांगत. त्या बुटक्या भिंतीवरून दिवसभर वाट्या जात-येत. आमच्याकडं हुलग्याचे शेंगोळे झाले की एक वाटी पलीकडं जायची, आणि रिकामी वाटी परत करायची नाही हा बायकांचा कायदा असल्यामुळं ती संध्याकाळी काकूंच्या मासवडीचा रस्सा घेऊन परत यायची. तात्या आमचे शेंगोळे खाऊन, ढेकर देऊन, आमच्या घराला शिव्या द्यायचे. अण्णा तिकडचा रस्सा भुरकत म्हणायचे, "त्या घरचं पानीबी पिनार न्हाई मी." आई मुकाट्यानं त्यांना आणखी वाढायची.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कारण असं मोठं, की इतिहासात नोंद व्हावी. धाकट्या आत्याच्या लग्नात पहिल्या पंगतीला तात्यांना बोलवायला कोणी गेलं नाही. तात्या मांडवाबाहेर बाजेवर बसून राहिले, कोणीतरी येईल आणि 'चला तात्या, पान वाढलंय' म्हणेल या आशेवर. बोलवायला जायचं काम अण्णांचं होतं. अण्णांचं म्हणणं, घरचं लग्न, घरचा माणूस, त्याला काय अक्षत देऊन बोलवायचं? पंगत उठली तसे तात्याही उठले आणि उपाशी घरी आले. पुढच्या उन्हाळ्यात वाटणी झाली आणि भिंत उभी राहिली. मी तेव्हा इतकी लहान होते की मला ती भिंत घराबरोबरच बांधलेली वाटायची. जमीन वाटता आली, बैल वाटता आले, तांब्या-पितळेची भांडीसुद्धा वाटता आली. विहीर तेवढी वाटता आली नाही.

विहिरीवर एक मोटर होती, तिची पत्र्याची पेटी होती आणि पाणी इकडं की तिकडं सोडायचं ते ठरवणारा एक व्हॉल्व्ह होता. तीन दिवस पाणी आमचं, तीन दिवस तात्यांचं. याला आमच्याकडं बारी म्हणतात. आता बोलायचं नाही म्हटल्यावर आज बारी कुणाची हे कळायचं कसं? त्यासाठी पेटीवर एक वीट ठेवलेली असे. वीट उभी म्हणजे तात्यांचं पाणी, आडवी म्हणजे आमचं. ज्याची बारी संपली त्यानं सकाळी जाऊन वीट फिरवायची आणि दुसऱ्याचं तोंड न बघता घरी यायचं. ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालली. मी आजवर बनवलेलं कुठलंही सॉफ्टवेअर त्या विटेइतकं टिकलेलं नाही. विटेला अपडेट लागत नव्हतं, पासवर्ड लागत नव्हता, आणि ती कोणाला 'तुमचा अनुभव कसा होता' असंही विचारत नव्हती.

पण एका उन्हाळ्यात ती वारंवार पडायला लागली. उभी वीट पडली की ती आडवी होते आणि आडवी वीट म्हणजे आमची बारी. त्यामुळं वीट पडण्याचा फायदा कायम आम्हालाच, हे तात्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आमचं म्हणणं, तुमच्याच शेळ्या पेटीला अंग घासतात. त्यांचं म्हणणं, शेळीला दोन पाय कधीपासून आले? ही सगळी बोलणी आई आणि काकूंच्या मार्फत, वाट्यांबरोबरच, मागच्या भिंतीवरून चालत. "सांग तुज्या दिराला," असं तात्या पुढून ओरडायचे. ते आम्हाला चांगलं ऐकू यायचं, तरी काकू मागं येऊन आईला सांगायच्या आणि आई पुढं येऊन अण्णांना सांगायची. अण्णा तेवढा वेळ थांबून, निरोप नव्यानं मिळाल्यासारखे चिडायचे.

मी तेव्हा राहुरीच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची बीएस्सी करून घरी बसले होते. करून म्हणजे, तीन वर्षं प्रोग्राम जर्नलमध्ये निळ्या शाईनं सुवाच्य अक्षरात लिहून. माझं अक्षर चांगलं असल्यानं मला पहिला वर्ग मिळाला. निकाल लागला आणि घरात दोन कामं एकदम सुरू झाली, एक शेताची मशागत आणि दुसरं माझ्यासाठी स्थळं बघणं. मला पुण्याला जायचं होतं. कॉलेजातली मैत्रीण तिथं नोकरीला लागली होती आणि तिच्या कंपनीत स्वतः बनवलेलं ॲप दाखवणाऱ्याला घेतात, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. मी एका संध्याकाळी अण्णा भाकरी कुस्करत असताना विषय काढला.

"पुन्यात जाऊन काय करनार?" अण्णांनी विचारलं.

"मोबाईलमधली ॲपं बनवणार."

"मंग हितं बनव. मोबाईल हितंबी हाय." त्यांनी कांदा फोडला. "ह्या घरातलं येक काम त्या डबड्यानं करून दाव. जमलं तर जा पुन्याला, मी सवता यष्टीत बसवून दीन. न्हाई जमलं तर दिवाळी झाली की पाव्हनं येत्याल, गुमान पोहं घेऊन बाहीर यायचं."

मी कसलं काम ते विचारलं. अण्णांनी भिंतीकडं मान केली आणि म्हणाले, "ती वीट जाऊ दी तिथनं. लई ताप झालाय तिचा."

डबडं म्हणजे माझा लॅपटॉप. नगरच्या मामांनी त्यांच्या ऑफिसातून बाद झालेला मला दिला होता. त्याची बॅटरी मामांच्या आधीच निवृत्त झालेली, त्यामुळं लाईट गेली की तोही जायचा, आणि आमच्याकडं लाईट असणं हीच सणासुदीची गोष्ट. ॲप बनवायचं तर आधी ॲप बनवायचं सामान लागतं, ते इंटरनेटवरून उतरवून घ्यावं लागतं आणि ते फुकट असतं. फुकट गोष्टीला किती वेळ लागतो हे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. वस्तीवर मोबाईलला रेंज फक्त गोठ्यात यायची, तीही म्हशीच्या गव्हाणीवरच्या आढ्याला फोन टांगला तर. तेव्हा मी आढ्याला फोन, फोनवरून लॅपटॉपला इंटरनेट, गव्हाणीशेजारी उलट्या घमेल्यावर लॅपटॉप आणि मी पेंडीच्या पोत्यावर, अशी प्रयोगशाळा मांडली. म्हैस दिवसभर रवंथ करत पडद्याकडं बघायची. नंतर मला भेटलेल्या काही मॅनेजरांपेक्षा तिचं लक्ष जास्त होतं.

पहिल्यांदा सगळं सामान उतरत आलं आणि लाईट गेली. दुसऱ्यांदा मोबाईलचा पॅक संपला. तिसऱ्यांदा म्हशीनं शिंगानं फोन गव्हाणीत पाडला आणि तो पेंडीतून शोधून काढावा लागला. शेवटी राहुरीच्या एका नेटकॅफेवाल्याकडून पेनड्राइव्हवर ते आणलं. त्यानं वर दोन व्हायरस दिले, ते वेगळे. मला वाटलं, झालं. लॅपटॉपवर ते बसवलं तर ते म्हणालं, आता उरलेलं सामान उतरवून घ्या. भाकरी करायची तर परात, तवा, काटवट लागतं हे मला मान्य आहे. पण परात हातात आल्यावर तिनं सांगायचं की तवा बाजारात आहे, आणि तवा आणल्यावर त्यानं म्हणायचं की ही परात जुनी आहे, असा तो कारभार होता. मधेच एक लाल ओळ यायची. तिचा मराठीत अर्थ असा, की जावाचं घर सापडत नाही. जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा. ती याच लॅपटॉपमध्ये, याच्याच शेजारच्या फोल्डरमध्ये नांदत होती. आई शेण काढता काढता थांबली आणि म्हणाली, "शेजारीच ऱ्हातीया आन सापडंना व्हय? आपल्यातलंच दिसतंय म्हनायचं." आणि घमेलं उचलून गेली.

मग एक खोटा मोबाईल असतो, लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणारा, त्यावर आपलं ॲप चालवून बघायचं. तो सुरू केला की लॅपटॉप इतका तापायचा की आमचं मांजर त्याच्यावर झोपायला यायला लागलं. खोटा मोबाईल उघडेपर्यंत आईच्या तीन माणसांच्या भाकऱ्या व्हायच्या, आणि उघडल्यावर तो म्हणायचा की मी प्रतिसाद देत नाहीये, वाट बघता की बंद करता? शेवटी मी तो नाद सोडून अण्णांच्या खऱ्या मोबाईललाच वायर लावली. पहिलं ॲप म्हणून जगभर जे करतात तेच मी केलं. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं, 'हॅलो वर्ल्ड'. ते दिसलं तेव्हा मी गोठ्यातून किंचाळत बाहेर आले. आईला वाटलं, साप निघाला. काकू मागच्या भिंतीशी धावत आल्या. मी दोघींना अण्णांचा मोबाईल दाखवला आणि अर्थ सांगितला, की हे सगळ्या जगाला नमस्कार म्हणतंय.

आईनं हात पदराला पुसून मोबाईल लांब धरून पाहिला. "साऱ्या जगाला म्हनतंय?"

"हो."

"मंग ह्या भितीपल्याड कोन म्हननार?" ती काकूंकडं बघून म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. मला राग आला. इतक्या कष्टानं जगाला नमस्कार घातला, आणि या दोघींना भिंतीचं पडलं होतं.

खरं ॲप त्यामानानं सोपं होतं. एक तारीख घ्यायची, तिथून तीन दिवस अण्णांचे, तीन तात्यांचे, असं मोजत जायचं. आपली बारी असली की पडदा हिरवा, दुसऱ्याची असली की तांबडा, आणि मधोमध मोठ्या अक्षरात नाव. बारी बदलली की मोबाईलनं टुणकन वाजायचं, ही माझी स्वतःची कल्पना. या टुणकन वाजण्याचा मला फार अभिमान होता. नाव 'पाळी' ठेवणार होते, ते आईनं डोळे वटारून बाद केलं. मग 'बारी' ठेवलं. अण्णांच्या मोबाईलमध्ये ते गेलं, पण एका बाजूच्या मोबाईलवर बारी कळून उपयोग नव्हता. तात्यांच्या मुलानं नगरहून त्यांना नवा मोबाईल पाठवलेला होता. काकूंनी तो एका दुपारी तात्या झोपले असताना पदराखालून मागच्या भिंतीपर्यंत आणला. मी माझ्या बाजूनं, त्या त्यांच्या बाजूनं, मधे वाटीऐवजी ब्ल्यूटूथ. तात्यांना काकूंनी काय सांगितलं माहीत नाही. पण संध्याकाळी पुढच्या अंगणातून मोठ्यानं आवाज आला, "मोबाईलला भाऊबंद नसत्यात, त्यो खरंच बोलंल! सांग त्यास्नी, आमाला मान्य हाय!" काकूंनी मागं येऊन ते आईला सांगितलं, आईनं पुढं येऊन अण्णांना सांगितलं, आणि अण्णा म्हणाले, "बरं."

पेटीवरची वीट अण्णांनी उचलून आणली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं दार वाऱ्यानं उघडायचं, त्याला लावली. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती. हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं, की मोटरीची लाईट आमच्याकडं एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री. तो दिवसाचा आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी आठवडा होता. अण्णा सकाळी चहा घेता घेता मोबाईल उघडायचे, हिरवा दिसला की टोपी घालून निघायचे, तांबडा दिसला की आणखी एक चहा मागायचे. तिकडं तात्यांचंही तेच चालत असणार, कारण ओरडा बंद झाला होता. निरोप नसल्यामुळं काकू आणि आईला बोलायला स्वयंपाकाचेच विषय उरले. गावातल्या पारावर अण्णांनी मोबाईल दाखवून, "पोरीनं केलंय," असं दोनदा सांगितल्याचं कानावर आलं. मी बॅग कुठली न्यायची याचा विचार करायला लागले. पाहुण्यांना कांदेपोहे दुसऱ्या कोणाच्या तरी हातचे मिळणार, हे माझ्या दृष्टीनं पक्कं झालं होतं.

मग लाईट रात्रीची झाली.

मला जाग आली ती भल्या पहाटे दोन पुरुषांच्या ओरडण्यानं. त्यातला एक आवाज अण्णांचा होता हे लगेच कळलं. दुसरा कळायला जरा वेळ लागला, कारण तो आवाज मी नेहमी भिंतीपलीकडून ऐकलेला होता. आई आणि मी विहिरीकडं पळालो. काकू आमच्या आधी पोचल्या होत्या. नुकतं उजाडलं होतं. पेटीच्या एका बाजूला गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेले अण्णा, दुसऱ्या बाजूला तसेच भरलेले तात्या, आणि दोघांच्याही एका हातात खोरं, दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईल एकमेकांवर असे रोखलेले, की वाटावं त्यातून गोळी सुटते. झालं होतं ते असं. रात्री अण्णा खालच्या तुकड्यात कांद्याला पाणी देत होते. मध्यरात्री तात्यांच्या उशाशी माझं ते अभिमानाचं टुणकन वाजलं आणि पडदा हिरवा झाला. तात्या आज्ञाधारकपणे उठले, बॅटरी घेतली, विहिरीवर गेले, व्हॉल्व्ह फिरवला आणि स्वतःच्या उसात पाणी घेऊन गेले. अण्णांच्या वाफ्यात पाणी आटलं. त्यांचा मोबाईल बांधावर काढून ठेवलेल्या बंडीत वाजला, तो त्यांना ऐकू आला नव्हता. त्यांना वाटलं, लाईट गेली असेल. येईल येईल म्हणून ते बांधावर बसून राहिले आणि त्यांचा तिथंच डोळा लागला. उजाडता उठून बघतात तर मोटर चालू, आणि कांदा निम्मा कोरडा.

"इचार तुज्या पोरीला!" तात्या म्हणाले. "मोबाईल म्हनला तुमची बारी, मी गेल्तो. माजा काय गुन्हा?"

"पर दिस उगवला हुता का? रातीचं पानी रातीच्या मालकाचं! कवा उगवतो दिस?"

आता माझ्याकडं चार लोकांचे आठ डोळे लागले. मी सांगितलं की रात्री बाराला तारीख बदलते. फोनमध्ये बदलते, बँकेत बदलते, रेल्वेत बदलते, सरकारात बदलते. मी काही वेगळं केलेलं नाही, सगळ्या जगाचा दिवस तेव्हाच बदलतो.

"रातच्या बाराला काय उगवतं?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, "तारीख."

"तारखेवर कांदा भिजतो व्हय?"

"त्ये खरं हाय," तात्या म्हणाले. "मलाबी उठताना वाटलं, आसं कसं, अजून तर येकबी कोंबडा आरवला न्हाई. पर म्हनलं शिकल्याली पोर हाय, तिनं काय इचार केला आसंल." आणि त्यांनी अण्णांकडं पाहून मान हलवली. अण्णांनीही मान हलवली. मला समजायला लागल्यापासून पहिल्यांदा दोघं भाऊ एका बाजूला उभे होते, आणि ती बाजू माझ्याविरुद्ध होती.

परवा गंमत म्हणून मी त्या नव्या यंत्राला हेच काम सांगून पाहिलं. दोन भाऊ, एक विहीर, तीन-तीन दिवस, ॲप करून दे. त्यानं चहा निवायच्या आत करून दिलं, माझ्यापेक्षा देखणं, वर पाण्याच्या थेंबाचं चित्रही काढलेलं. बारी मात्र रात्री बारालाच बदलली. मला बरं वाटलं. म्हणजे मूर्खपणा माझ्या एकटीचा नव्हता, मोठ्या परंपरेतला होता.

त्या सकाळी मात्र मला काहीच बरं वाटत नव्हतं. अण्णांनी निम्म्या कोरड्या वाफ्यांकडं बघून आईला सांगितलं, "पाव्हन्यास्नी निरोप धाड." मी रडकुंडीला आले होते, पण रडले तर पोहे घेऊन बाहेर जायची तालीमच झाली असती. मी म्हणाले, दुरुस्त होतं, फक्त दिवस नक्की कधी बदलतो ते एकदा सांगा. हा प्रश्न विचारून मी नकळत माझ्या धंद्यातलं पहिलं शहाणपणाचं काम केलं. अण्णा म्हणाले, तांबडं फुटलं की दिवस बदलला. तात्या म्हणाले, तांबडं म्हणजे दिवस नव्हं, सूर्याचं तोंड दिसलं पाहिजे. अण्णा म्हणाले, आषाढात आभाळ गच्च असतं, मग आठ आठ दिवस एकाचीच बारी का? तात्या म्हणाले, आपले बाबा कोंबडा आरवल्यावर मोट जुंपायचे. अण्णा म्हणाले, बाबा नव्हे, जुंपायची आई, बाबा तेव्हा तंबाखू मळत बसायचे. यावर तात्या हसले. काकूंनी चहा आणला. पेटीला टेकून दोघं खाली बसले आणि उन्हं वर येईपर्यंत बाबा, मोट, कोंबडा आणि हिवाळ्यातला सूर्य यावर बोलत राहिले. आमच्या कंपनीत याला रिक्वायरमेंट मीटिंग म्हणतात. तिथंही शेवटी जे ठरतं ते पहिल्या मिनिटाला ठरवता आलं असतं. ठरलं, सहा. उन्हाळा असो, हिवाळा असो, सकाळी सहा.

मी गोठ्यात पळाले. दुरुस्ती एका ओळीची होती, लाईट होती आणि म्हैसही गप्प होती. परत येऊन दोघांचे मोबाईल घेतले, नवं ॲप टाकलं आणि अण्णांच्या पुढं उभी राहिले. अण्णा माझ्याकडं बघेनात. त्यांचा निकाल तयार होता हे त्यांच्या मिशीवरून कळत होतं. तेवढ्यात तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले.

"दत्तू," ते म्हणाले, "ह्या पोरीला लवकर पुन्याला धाड."

अण्णांनी वर पाहिलं.

"हसू नगं, खरंच सांगतो. आज हिरीचं ॲप काढलं तर पहाटंचं आपन खोरी घेऊन समुर आलो. उद्या हिनं बांधाचं काढलं तर दोगंबी तुरुंगात जाऊ. लांब ऱ्हाईल त्येवडं बरं."

वस्तीवर आणि गावात अण्णांना सगळे अण्णाच म्हणत. आई तर नाव घेतच नव्हती. त्यांचं नाव दत्तात्रय आहे हे मला शाळेच्या दाखल्यावरून माहीत होतं, आणि कोणी त्यांना दत्तू म्हणत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्या एका हाकेनं माझ्या रागीट, मिशाळ बापाचा चेहरा असा झाला, की मी घाईनं दुसरीकडं पाहिलं. अण्णांनी मोबाईल बंडीच्या खिशात टाकला, खिसा दोनदा चाचपला आणि म्हणाले, "मीबी तेच म्हनत हुतो." ते अजिबात तसं म्हणत नव्हते, पण त्यांना अडवायला मी काही वेडी नव्हते.

आठ दिवसांनी त्यांनी मला एसटीत बसवून दिलं. पुण्यात मैत्रिणीच्या कंपनीत मी 'बारी' दाखवलं. समोरच्या साहेबांनी विचारलं, हे किती लोक वापरतात? मी म्हटलं, दोन. ते हसले. मग विचारलं, लोकांची काही तक्रार? मी म्हटलं, एकदा खोरी निघाली होती. मला नोकरी मिळाली.

संक्रांतीला पहिल्यांदा घरी आले तेव्हा खुराड्याच्या दाराला ती वीट होती. मी अण्णांचा मोबाईल सहज हातात घेतला आणि त्यात माझं ॲप नव्हतं. जागा भरली म्हणून गेलं असेल, असं मनाला समजावलं. मागच्या भिंतीवरून काकूंकडून तात्यांचा मागून घेतला, त्यातही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पुण्यात मी ज्याच्या जोरावर खुर्चीत बसले होते, ते माझं पहिलं बाळ दोघांनी मिळून पुसून टाकलं होतं. मी फणकाऱ्यानं पुढं आले. अण्णा पायात वहाणा घालत होते.

"ॲप का काढलं?" मी विचारलं. "परत चुकलं का काही?"

"न्हाई. चांगलं चालत हुतं."

"मग वीटही इथंच आहे. आज बारी कुणाची ते तुम्हाला कळतं कसं?"

अण्णांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. भिंतीला वळसा घालून तात्यांच्या अंगणात जायचा रस्ता मी तोवर कधी वापरात पाहिला नव्हता. त्यावरचं गवत तुडवून पायवाट पडली होती. ते त्या वाटेला लागले आणि न वळता म्हणाले, "इचारतो की."